शिलाई कारखान्यातली युनियन नेमकी कुणाची?

२३ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा नावाच्या इमारतीला मोठे तडे गेले. खालच्या मजल्यांवर दुकानं आणि एका बँकेची शाखा होती. बँकेनं आपल्या माणसांना दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यांवर पाच शिलाई कारखाने होते. तिथल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं, आणि न येणाऱ्यांचा पगार बुडेल अशी धमकीही मिळाली. २४ तारखेच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली.

त्या पाचही कारखान्यांत एकही युनियन नव्हती. इमारतीचा मालक मात्र तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेचा स्थानिक पुढारी म्हणून वावरायचा, आणि इमारतीचे वरचे मजले योग्य परवानगीशिवाय चढवलेले होते. पक्षाचं राजकारण त्या इमारतीत पायापासून गच्चीपर्यंत पोचलेलं होतं. ‘आज आत जायचं नाही’ असं कामगारांच्या वतीनं ठणकावून सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

युनियननं राजकारणात पडू नये, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तयार कपड्यांच्या धंद्याकडे नीट पाहिलं की या सल्ल्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण युनियन येण्याच्या कितीतरी आधी राजकारण कारखान्यात येऊन बसलेलं असतं. विचारायचं ते इतकंच, की पक्ष आणि युनियन यांच्यात दोर कुणाच्या हातात आहे?

आधी हा धंदा कसा चालतो ते पाहू, कारण युनियन पक्षाच्या दाराशी का जाते याचं उत्तर तिथेच आहे. सूतगिरणी किंवा पोलादाचा कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागतं, आणि एकदा उभा केला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तिथे संप झाला तर मालक अडकतो. शिलाई कारखान्यात मशिनं हलकी, जागा बहुधा भाड्याची, आणि कापड बाहेरून आलेलं. ज्या ब्रँडचं लेबल शर्टावर लागतं, त्याचा स्वतःचा कारखाना सहसा नसतोच. तो ऑर्डर देतो. कारखानदार ती घेतो आणि झेपलं नाही तर अर्धी उपकंत्राटदाराकडे ढकलतो. आज एका देशात असलेली ऑर्डर पुढच्या हंगामात दुसऱ्या देशात जाऊ शकते.

अशा ठिकाणी एकट्या कारखान्यातल्या युनियननं पगारवाढ मागितली, तर मालक सांगतो की भाव ब्रँड ठरवतो आणि माझ्या हातात काही नाही. त्यात बरीच सबब असते, पण थोडं तथ्यही असतं. एकट्यानं पगार वाढवला तर ऑर्डर शेजारच्या कारखान्याला जाण्याची भीती खरीच असते. त्यामुळे पगार सगळ्या कारखान्यांत एकदमच वाढवावा लागतो, आणि ते करण्याचा हुकमी रस्ता म्हणजे सरकारनं ठरवलेलं किमान वेतन. बांगलादेश आणि कंबोडियासारख्या देशांत शिलाई कामगाराचा पगार प्रत्यक्षात असाच ठरतो. ज्या दिवशी पगाराचा आकडा कारखान्याच्या ऑफिसातून मंत्रालयात गेला, त्या दिवशी पगाराची वाटाघाट राजकारण झाली. मंत्रालयाचं दार उघडायला ओळख लागते, आणि ती पक्षाकडे असते.

पक्षालाही कामगार हवे असतात, पण कारण वेगळं. कारखान्यांच्या पट्ट्यात हजारो माणसं एकाच वेळी कामावरून सुटतात. त्यांना रस्त्यावर आणता आलं तर शहर थांबतं. बंद यशस्वी करायचा, सभेचं मैदान भरायचं, विरोधकांना ताकद दाखवायची, तर कामगार आघाडीसारखं हत्यार नाही. या कामगारांत बहुसंख्य तरुण बायका, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या, आणि अनेकींचं नाव मतदार यादीत गावाकडेच. मग कारखाना ज्या भागात आहे तिथल्या उमेदवाराला त्यांच्या मताची फारशी गरज पडत नाही. त्याला गरज पडते ती कारखानदाराच्या पैशाची. हा छोटासा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कामगार राहतात एकीकडे आणि मत देतात दुसरीकडे, यामुळे संख्येच्या मानानं त्यांचं राजकीय वजन फार कमी पडतं.

पक्षाची साथ कधी फळते, याचं सगळ्यात जुनं आणि मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २२ नोव्हेंबर १९०९ ला तिथल्या एका सभेत पुढाऱ्यांची भाषणं लांबत चालली होती. तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची तरुण शिलाई कामगार उठली आणि यिडिश भाषेत तिनं सरळ सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. सुमारे २०,००० कामगार संपावर गेले, त्यात बहुतेक स्थलांतरित ज्यू आणि इटालियन मुली. तेव्हा शहरावर टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेची पकड होती, आणि पोलिसांनी संपकरी मुलींना मारहाण केली, अटका केल्या. अनेक कारखान्यांनी युनियनशी करार केला. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीनं युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली. जिन्याकडचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जण गेले.

त्यानंतर राज्यानं चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ, दोघंही टॅमनीचेच. म्हणजे ज्या यंत्रणेच्या काळात संपकरी मुलींवर लाठ्या पडल्या, तिच्याच दोन माणसांनी कारखान्यांत फिरून पाहणी केली आणि पुढच्या काही वर्षांत आग, कामाचे तास आणि कारखान्यांतली स्वच्छता यांबद्दलचे तीसहून अधिक कायदे करून घेतले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या. युनियन बांधण्याच्या हक्काला संरक्षण देणारा १९३५ चा कायदा वॅग्नर यांच्याच नावानं ओळखला जातो.

टॅमनी का बदलली? दयाबुद्धी हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. स्थलांतरितांच्या वस्त्यांत समाजवादी पक्षाची मतं वाढत होती. त्या मुलींना स्वतःला मताचा हक्क नव्हता (न्यूयॉर्क राज्यात बायकांना तो १९१७ मध्ये मिळाला), पण बाप, भाऊ आणि शेजारी मत देत होते, आणि ते याच शहरात देत होते. मागे संघटित युनियन, समोर दुसऱ्या पक्षाचा पर्याय आणि दुर्लक्ष करता येणार नाही असा धक्का, हे तिन्ही एकाच वेळी जुळून आलं.

पक्षामुळे युनियनचा घात कसा होतो, हेही त्याच शहरानं पाहिलं. १९२६ च्या कोटशिलाई कामगारांच्या संपात नेतृत्व कम्युनिस्ट गटाकडे होतं. मध्येच तडजोडीची संधी आली होती. पण पक्षातला दुसरा गट आपल्याला मवाळ ठरवेल, ही धास्ती पुढाऱ्यांना होती. संधी हुकली, संप महिनोन्‌महिने रेंगाळला, आणि शेवटी युनियनची तिजोरी रिकामी झाली. तडजोड करायची की नाही हे ठरवताना मशिनवरच्या कामगाराचा विचार मागे पडला आणि पक्षाच्या बैठकीचा पुढे आला. सभासदांच्या घरात चूल पेटत नसताना हे घडलं, म्हणून ते मला अक्षम्य वाटतं.

याच युनियनांनी १९३६ मध्ये वेगळीच युक्ती काढली. सिडनी हिलमन आणि डेव्हिड डुबिन्स्की हे दोन शिलाई युनियनांचे नेते. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन लेबर पार्टी काढली. तिचा उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच होता, पण मतपत्रिकेवर त्याचं नाव कामगारांच्या वेगळ्या पक्षाखालीही छापलेलं असायचं. त्यामुळे कामगारांनी किती मतं दिली हे मोजता यायचं, आणि नंतर हक्कानं मागणी करता यायची. पाठिंबा दिला, पण हिशोब आपल्याकडे ठेवला. १९४४ मध्ये कम्युनिस्टांच्या वाढत्या प्रभावावरून डुबिन्स्कींचा गट फुटून बाहेर पडला. आणि एवढं राजकीय वजन असूनही कारखाने आधी अमेरिकेच्या दक्षिणेकडे आणि मग परदेशात गेले, ते कुणाला थांबवता आलं नाही.

आता पुन्हा बांगलादेश. तिथे दोन्ही मोठ्या पक्षांच्या स्वतःच्या कामगार संघटना होत्या, अवामी लीगची श्रमिक लीग आणि बीएनपीचं (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) श्रमिक दल. १९८० च्या दशकात इर्शाद यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध निरनिराळ्या पक्षांच्या कामगार संघटना एका छत्राखाली लढल्या होत्या, तो अभिमानाचा काळ होता. नंतर लोकशाही आली आणि दोन्ही पक्ष आळीपाळीनं सत्तेवर आले. शिलाई कामगाराचं किमान वेतन १९९४ मध्ये महिन्याला ९३० टाका (बांगलादेशचं चलन) ठरलं. पुढची वाढ थेट २००६ मध्ये झाली, १,६६२ टाका ५० पैसे. मधली बारा वर्षं आकडा जागचा हलला नाही. त्या बारा वर्षांत दोन्ही पक्ष सरकारात बसून गेले, दोघांच्याही कामगार आघाड्या शाबूत होत्या. २००६ मध्ये गाझीपूर, साभार भागात कामगार स्वतःहून रस्त्यावर उतरले, तेव्हा वेतन मंडळ हललं.

असं का झालं, हे कळायला दोन जागा पाहाव्या लागतात. पहिली जागा संसद. बांगलादेशात कारखानदार बहुतांशी देशातलेच आहेत आणि त्यांची बीजीएमईए ही संघटना अतिशय ताकदवान आहे. अनिसुल हक आणि आतिकुल इस्लाम हे तिचे दोन माजी अध्यक्ष पुढे उत्तर ढाक्याचे महापौर झाले. संसदेतही कारखानदार खासदार असत, आणि ते एकाच पक्षाचे नसत. मालक दोन्ही बाकांवर बसलेला असेल, तर कामगारानं कुठल्याही पक्षाची कामगार आघाडी निवडली तरी ती शेवटी त्या पक्षातल्या मालकाशी किती भांडणार?

दुसरी जागा म्हणजे वेतन मंडळ. त्यात मालकांचे प्रतिनिधी असतात, कामगारांचे असतात, एक स्वतंत्र सदस्य असतो. कागदावर सगळं रीतसर. पण कामगारांचा प्रतिनिधी कोण, हे सरकार नेमतं. कामगार मतदान करून त्याला निवडत नाहीत. २०२३ मध्ये स्वतंत्र संघटना महिन्याला २३,००० टाका मागत होत्या. मंडळातल्या कामगार प्रतिनिधीनं २०,३९३ टाकांचा प्रस्ताव ठेवला, मालकांनी १०,४०० चा. ठरले १२,५००. या काळात रस्त्यावर आंदोलन पेटलं होतं आणि किमान चार कामगारांचा जीव गेला. निवडणूक तोंडावर होती, विरोधी पक्षाचं आंदोलनही त्याच आठवड्यांत सुरू होतं, त्यामुळे कामगारांच्या मोर्च्यामागे विरोधकांचा हात आहे असा सूर सरकारी बाजूनं लागला. वाढती महागाई मागे पडली, कट पुढे आला. पक्षाशी संबंध नसलेल्या कामगारालाही पक्षीय भांडणाची किंमत अशी मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे, कारखान्याच्या मागच्या दाराची. कापड कापल्यावर उरणाऱ्या चिंध्या, तुकडे, नाकारलेला माल याला तिथे ‘झुट’ म्हणतात. हा भंगार माल विकत घेऊन पुढे विकण्याचा धंदा मोठा आहे, आणि कुठल्या कारखान्याचं झुट कुणी उचलायचं हे वर्षानुवर्षं सत्ताधारी पक्षाची स्थानिक माणसं ठरवत आली. मालकाला त्यांची मर्जी सांभाळावी लागते. त्याच्या बदल्यात गेटवर माणसं उभी राहतात, आणि युनियन बांधू पाहणाऱ्याला दम भरण्याचं काम बहुतेकदा हीच माणसं करतात. पक्षाची कामगार आघाडी नेमकं काय करते, हे तिच्या जाहीरनाम्यापेक्षा गेटवर जास्त स्पष्ट दिसतं.

कंबोडियाची गोष्ट याच्या उलट बाजूनं पाहण्यासारखी आहे. १९९६ मध्ये तिथे फ्री ट्रेड युनियन उभी राहिली, ती विरोधी नेते सॅम रेन्सी यांच्या साथीनं. तिचे नेते चिया विचिया यांना २२ जानेवारी २००४ ला नॉम पेन्हमध्ये भर दिवसा गोळ्या घातल्या. दोन निरपराध माणसांना शिक्षा झाली, आणि त्यांना निर्दोष ठरायला २०१३ उजाडलं. विरोधी पक्षाजवळ जाणाऱ्या युनियनला काय मोजावं लागतं, ते इथे दिसतं. सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या युनियनाही तिथे होत्याच. एकाच कारखान्यात चार-पाच युनियना, आणि त्यातली मालकाला सोयीची कुठली हे सगळ्या कामगारांना माहीत.

२०१३ च्या जुलैमध्ये निवडणूक अटीतटीची झाली. विरोधी पक्षानं शिलाई कामगारांना मोठ्या वेतनवाढीचं आश्वासन दिलं होतं, आणि निकाल न मानता त्यानं आंदोलन सुरू केलं. डिसेंबरमध्ये सरकारनं किमान वेतन ९५ डॉलर जाहीर केलं, युनियनांची मागणी १६० ची. संप भडकला. ३ जानेवारी २०१४ ला वेंग स्रेंग रस्त्यावर सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि किमान चार जण मेले. पण पुढचे आकडे पाहा. २०१५ मध्ये १२८ डॉलर, २०१६ मध्ये १४०, २०१७ मध्ये १५३, २०१८ साठी १७०. सत्ताधाऱ्यांना पुढच्या निवडणुकीची भीती होती. पंतप्रधान हुन सेन २०१७ मध्ये स्वतः शिलाई कामगारांच्या सभा घेऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टानं विरोधी पक्ष बरखास्त केला. २०१९ ला १८२, २०२० ला १९०, मग १९२, मग १९४. कोविडचा फटका त्यात आहेच. तरी स्पर्धा संपल्यावर वाढीचा वेग मंदावला, हे नजरेआड करता येत नाही.

मग बांगलादेशात १९९४ नंतर दोन पक्षांची एवढी चुरस असूनही आकडा का हलला नाही? माझ्या मते फरक मालकांत आहे. कंबोडियातले कारखाने बहुतेक परदेशी मालकीचे, म्हणजे चिनी, तैवानी, हाँगकाँगचे, कोरियन. ते पैसा देऊ शकतात, पण तिकीट घेऊन संसदेत बसू शकत नाहीत. मतांसाठी त्यांच्या खिशाला हात घालणं पक्षाला परवडतं. मालक पक्षातच असेल तर ते परवडत नाही.

जिथे एकच पक्ष आहे आणि अधिकृत युनियनही त्याचीच, तिथे काय होतं? व्हिएतनाममध्ये तेच आहे. तिथे संप होतात, पण बहुतेक युनियनला बाजूला ठेवून होतात. मार्च २०१५ मध्ये हो ची मिन्ह शहरातल्या तैवानी मालकीच्या एका बुटांच्या कारखान्यात हजारो कामगार काम सोडून बाहेर पडले. कारण होतं नवा सामाजिक विमा कायदा. नोकरी सोडल्यावर साठलेली रक्कम एकदम काढता येणार नव्हती, निवृत्तीपर्यंत थांबा असं सरकार म्हणत होतं. काही महिन्यांत राष्ट्रीय सभेनं माघार घेतली.

हाच प्रसंग आणखी दोन ठिकाणी घडला. श्रीलंकेत २०११ च्या मे अखेरीस कटुनायकेच्या मुक्त व्यापार क्षेत्रातले कामगार खासगी नोकरदारांसाठीच्या पेन्शन विधेयकाविरुद्ध बाहेर पडले. पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण कामगार गेला आणि विधेयक गुंडाळावं लागलं. भारतात २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला. एप्रिलमध्ये बेंगळुरूत हजारो शिलाई कामगार, बहुसंख्य बायका, दोन दिवस रस्त्यावर. कुठल्याही पक्षानं वा मोठ्या युनियननं हाक दिली नव्हती. केंद्र सरकारनं दुसऱ्याच दिवशी नियम मागे घेतला.

तीन देश, तीन वेगळ्या राजवटी, आणि मुद्दा एकच. शिलाई मशिनवर टार्गेट गाठत बसलेल्या बाईला ठाऊक असतं की हे काम साठीपर्यंत होत नाही. डोळे, पाठ आणि मनगटं चाळिशीच्या आधीच बोलायला लागतात, आणि त्या वयाच्या बाईला कारखान्यात ठेवायला सुपरवायझर नाखूश असतो. तिच्यासाठी तो निधी म्हणजे गावी परतताना हातात येणारे पैसे. पक्षांची आणि त्यांच्या मोठ्या कामगार महासंघांची कल्पना मात्र एका नोकरीत तीस वर्षं काढणाऱ्या कायम कामगाराची. नियम ठरवणाऱ्या टेबलाभोवती शिवणारी बाई बसलेलीच नव्हती. युनियन पक्षाच्या किती जवळ आहे यापेक्षा ती सभासदापासून किती लांब गेली आहे, हे मला या तीन घटनांतून जास्त टोचतं.

म्हणून एखाद्या युनियनचं पक्षाशी नातं कसं आहे हे तपासायचं असेल, तर मी झेंड्याचा रंग पाहत नाही. खर्च कशातून चालतो ते पाहते, सभासदांच्या वर्गणीतून की पक्षनिधीतून. पदाधिकाऱ्यांना कामगार मतदानानं काढू शकतात का? त्यांच्यात मशिनवर बसणाऱ्या बायका किती? आणि सगळ्यात कठीण कसोटी म्हणजे, तिचा मित्रपक्ष सत्तेवर असताना तिनं शेवटचा संप कधी केला?

राणा प्लाझानंतर पक्षांना वळसा घालणारी एक वाटही निघाली. मे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ आणि ब्रँड यांच्यात आग आणि इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला. पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले आणि सुमारे १,६०० कारखाने तपासले गेले. तमिळनाडूत २०२२ मध्ये दलित बायकांच्या नेतृत्वाखालच्या, पक्षाशी न बांधलेल्या युनियननं लैंगिक छळाविरुद्ध असाच बंधनकारक करार मिळवला. ज्याच्या हातात ऑर्डर आहे त्यालाच थेट बांधून घ्यायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. मात्र किमान वेतन आणि युनियन नोंदणीचा कायदा या करारांत येत नाही. ते आपल्याच सरकारकडून घ्यावं लागतं.

५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशातलं सरकार कोसळलं. अवामी लीगची माणसं गायब झाली, आणि झुटाच्या धंद्यावर ताबा मिळवायला दुसऱ्या पक्षाची माणसं कारखान्यांच्या मागच्या दारी येऊन उभी राहिली. सप्टेंबरमध्ये आशुलिया, गाझीपूरमध्ये पुन्हा काम थांबलं. या वेळी सरकार हंगामी होतं, पक्षाचं नव्हतं. महिनाअखेरीस मालक आणि कामगार प्रतिनिधींनी १८ कलमी मागण्यांवर सहमती केली. हजेरी भत्ता, टिफिन आणि रात्रीच्या कामाचा भत्ता या नेहमीच्या मागण्या त्यात होत्याच. झुटाच्या धंद्यातली खंडणी थांबवण्यासाठी कायदा करा, हीही मागणी कामगारांनी त्या यादीत घातली होती.